काटा साठवर, गाडी बहात्तरवर

टायर बदलले, डिफ्रन्शियलचे गिअर बदलले, मीटरला मात्र कुणी काही सांगितलंच नाही. मग बिचारा ड्रायव्हर डिझेलचोर ठरतो. आणि अलॉय लावलेली तुमची कारही यातून सुटलेली नाही, बॉस!

आपण नागपूरकर अंतराच्या बाबतीत जरा जास्तच कॉन्फिडन्ट असतो. का नसणार? झिरो माइल आपल्याकडे! पुण्या-मुंबईचा पाहुणा आला की विधानभवनाजवळ गाडी थांबवायची, ते चार घोडे आणि तो खांब दाखवायचा आणि ‘देशाचा सेंटर पॉइंट आहे भाऊ हा’ असं ऐकवायचं. तिथला १९०७ सालचा जीटीएस बेंचमार्क मुळात उंचीच्या मोजणीसाठी आहे, हे त्याला सांगण्याच्या भानगडीत कोणी पडत नाही. असो. दगड दगडाच्या जागी उभा आहे, म्हणून त्याच्यावर विश्वास टाकता येतो.

पण तुमच्या डॅशबोर्डवरचा काटा? त्याच्यावर तर आपण दगडाहूनही जास्त विश्वास टाकतो. अप्रेझलचा आकडा खोटा वाटतो, वजनकाट्याचा आकडा तर शंभर टक्के खोटा वाटतो, पण गाडीचा काटा ६० म्हणाला म्हणजे ६०. विषय संपला!

तर मंडळी, आज एक छोटासा धक्का घ्या. तुमच्या गाडीचा काटा वेग मोजतच नाही. तो फक्त फेऱ्या मोजतो. एका फेरीत गाडी किती पुढे जाते, हे त्याला फॅक्टरीत एकदाच सांगितलेलं असतं आणि तेच पाठ करून तो आयुष्यभर उत्तर देत राहतो. मधे तुम्ही चाक बदललं, गिअर बदलले, तरी याचं उत्तर जुनंच.

केबलच्या टोकाला चुंबक

जुन्या ट्रकच्या मीटरची करामत साधी आहे. गिअरबॉक्समधून मागच्या एक्सलकडे जो लांब दांडा जातो ना, तो प्रोपेलर शाफ्ट. तो फिरवणाऱ्या गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला एक छोटीशी प्लास्टिकची गरारी बसवलेली असते. ती एक केबल फिरवते. केबल डॅशबोर्डपर्यंत येते आणि मीटरच्या आत एक चुंबक फिरवते. चुंबकाभोवती अ‍ॅल्युमिनियमची वाटी असते. चुंबक फिरलं की वाटीही त्याच्यामागे ओढली जाते, एक बारीक स्प्रिंग तिला अडवते, आणि या ओढाताणीत काटा जिथे थांबतो तो तुमचा ‘वेग’. ऑटो शुल्झ नावाच्या जर्मन माणसाने १९०२ मध्ये याचं पेटंट घेतलं. शंभर वर्षं झाली तरी फंडा तोच!

नव्या गाड्यांत केबल गेली आणि तिच्या जागी सेन्सर आला. तो फेरीमागे ठरावीक पल्स पाठवतो आणि कॉम्प्युटर ते मोजतो. पण ट्रकमध्ये हा सेन्सरही बहुतेक वेळा गिअरबॉक्सवरच असतो. म्हणजे तंत्र बदललं, जागा तीच. गिअरबॉक्सच्या मागे काय चाललंय, डिफ्रन्शियलमध्ये कोणते गिअर आहेत, टायर केवढा आहे, यातलं मीटरला काहीही दिसत नाही.

आणि नेमकी तिथेच तर सगळी उलथापालथ होते.

वाडीतला हिशेब

नागपूर म्हणजे ट्रकांचं जंक्शन. पूर्वीचा सात नंबर म्हणजे आताचा ४४, आणि पूर्वीचा सहा नंबर म्हणजे आताचा ५३, हे दोन्ही हायवे इथे एकमेकांना छेदतात. अमरावती रोडवर वाडी, भंडारा रोडवर कापसी. उमरेड, वणी, बल्लारपूरच्या कोळसा खाणी आपल्या आसपासच. खाणीतल्या गाडीला ताकद हवी, हायवेवरच्या गाडीला पळायला हवं. त्यामुळे काम बदललं की गाडीचे गिअर बदलण्याचा मोह होतो.

समजा, वाडीतल्या एका मालकाने सेकंडहँड ट्रक घेतला. गाडी खाणीच्या कामातली. डिफ्रन्शियलमध्ये क्राऊन-पिनियनचा सेट सहा-एक्केचाळीसचा, म्हणजे पिनियनला ६ दाते, क्राऊनला ४१. भागाकार केला तर ६.८३. याचा अर्थ शाफ्ट ६.८३ वेळा फिरला की चाक एकदा फिरतं. मालकाने हायवेसाठी सात-एक्केचाळीसचा सेट बसवला. आता शाफ्ट ५.८६ वेळा फिरला की चाकाची एक फेरी. सोबत ९.००-२० चे जुने टायर काढून १०.००-२० चे चढवले. पहिल्याचा व्यास साधारण १०१८ मिलिमीटर, दुसऱ्याचा १०५५.

शाळेतलं गणित आठवतंय का? घाबरू नका, मी करून दाखवते. पूर्वी शाफ्टच्या एका फेरीत गाडी ४६.८ सेंटीमीटर पुढे जायची. आता जाते ५६.६ सेंटीमीटर. टायरमुळे साडेतीन टक्क्यांच्या वर फरक, गिअरमुळे जवळपास १७ टक्के, आणि दोन्हींचा गुणाकार केला की २१ टक्के.

मीटर मात्र अजून ४६.८ वरच अडकलेलं! म्हणजे काटा ६० दाखवतो तेव्हा ट्रक ७२ च्या पुढे धावत असतो. आणि काटा ८० वर असेल तर? जवळपास ९७!

‘डिझेल कुठं जाऊन राहिलं?’

आता तुम्ही म्हणाल, ठीक आहे ना, थोडं फास्ट तर थोडं फास्ट. थांबा. खरी गंमत, म्हणजे खरी ट्रॅजेडी, पुढे आहे.

जो दांडा काटा फिरवतो, तोच किलोमीटरचे आकडेही फिरवतो. वेग चुकला की अंतरही चुकलं. हा ट्रक समृद्धीवरून निघाला. नागपूरजवळच्या शिवमडक्यापासून भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत ७०१ किलोमीटर. ५ जून २०२५ ला शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून हा रस्ता सलग आहे. गाडीने लिटरला ४ चं अ‍ॅव्हरेज दिलं, म्हणजे १७५ लिटर डिझेल लागलं. ठणठणीत! पण मीटरवर अंतर पडलं ५८०. मालकाने मोबाइलवर भागाकार केला. ३.३!

पुढचा सीन डोळ्यांसमोर आणा.

‘काऊन रे, पहिले गाडी चार देत होती. आता तीन-तीस कशी?’

‘काय सांगू जी मालक, टाकीला हात नाही लावला म्या.’

‘मग तीस लिटर कुठं गेलं? मीटर काय खोटं बोलून राहिलं का?’

हो ना, मीटरच खोटं बोलून राहिलं! ५८० किलोमीटरला १४५ लिटर लागायला हवं होतं, लागलं १७५. हा ३० लिटरचा खड्डा फक्त कागदावर आहे. लिटरला ९० रुपये धरले तरी एका फेरीचे २७०० रुपये. महिन्याला अशा चार-पाच फेऱ्या धरा. ते पगारातून कापले गेले, तर एका घरात शाळेची फी थांबते. आणि ‘डिझेल विकतो’ हा शिक्का एकदा बसला की वाडीत दुसरी गाडी मिळणंही अवघड. चोरी झालीच नाही, तरी चोर सापडला!

डिझेलची चोरी होतच नाही असं कोण म्हणतंय? होते. पण कोणावर बोट रोखायचं असेल तर आधी मोजपट्टी बरोबर हवी की नको?

आणि हे फक्त वाडीच्या मालकापुरतं नाही बरं का. तुमच्यापैकी कितीतरी जण लॉजिस्टिक्समध्ये आहेत, अकाउंट्समध्ये आहेत, मिहानमधल्या एखाद्या ऑफिसात एसीत बसून गाड्यांची एक्सेल शीट बघतात. अ‍ॅव्हरेजचा कॉलम लाल झाला की मेल ठोकतात: ‘ड्रायव्हरकडून खुलासा मागवा.’ त्या लाल चौकोनामागे एखादी बदललेली गरारी असू शकते, हे कोणत्याच ट्रेनिंगमध्ये शिकवत नाहीत.

ब्रेकला मीटर कळत नाही

पैशांचं झालं, आता जिवाचं. समृद्धीवर मालवाहू ट्रकला ८० ची मर्यादा आहे. आपला ड्रायव्हर सज्जन. काटा ८० च्या वर जाऊच देत नाही. तरी कॅमेऱ्यात पकडला जातो, कारण कॅमेरा गरारी बघत नाही, गाडी बघतो. अवजड गाडीला ओव्हरस्पीडचा दंड केंद्राच्या कायद्यात २ ते ४ हजार रुपये.

दंड भरून मोकळं होता येतं, पण फिजिक्सशी तडजोड होत नाही. वेग २१ टक्क्यांनी वाढला की ब्रेकला जिरवायची ऊर्जा २१ टक्के नाही, तब्बल ४६ टक्क्यांनी वाढते. कारण वेगाचा वर्ग होतो. ड्रायव्हरच्या पायाला ६० ची सवय आहे, समोरच्या गाडीपासूनचं अंतर त्याने ६० च्या अंदाजाने ठेवलंय, आणि मागून भरलेला ट्रक ७२ च्या जोराने ढकलतोय. लिहायची गरज आहे का पुढे?

त्यात आणखी एक गोची. २०१५ च्या नियमांनंतर मालवाहू गाड्यांना ८० वर लॉक करणारे स्पीड गव्हर्नर आले. तो गव्हर्नर वेगाची माहिती कुठून घेतो? गाडीच्या त्याच सेन्सरकडून. सेन्सर फसला की गव्हर्नरही फसला. कागदावर ८० ला लॉक, रस्त्यावर ९७ ला.

सर्व्हिसिंगचंही तसंच. मीटरवर १०,००० किलोमीटर झाले म्हणून ऑइल बदलायला गाडी आणली, तोवर ती १२,००० धावलेली असते.

काटा उचलून सरकवायचा?

आता उपाय. आधी जुगाड सांगते, म्हणजे तो टाळता येईल. मीटर उघडायचं, काटा उपसायचा आणि थोडा पुढे सरकवून पुन्हा बसवायचा. पाच मिनिटांचं काम. दिसायला सॉलिड, पण एकदम चूक!

का? कारण ही चूक टक्क्यांत आहे. ६० ला ७२ आणावं म्हणून काटा १२ ने पुढे केलात, तर खऱ्या ३६ ला तो ४२ दाखवेल आणि खऱ्या ९७ ला ९२. एका जागी बरोबर, बाकी सगळीकडे गंडलेला. आणि किलोमीटरचे आकडे? ते तर काट्याला विचारतही नाहीत. ते जुन्याच चालीने फिरत राहणार. म्हणजे ड्रायव्हर चोर तो चोरच.

खरा उपाय मुळापाशी आहे. केबलवाल्या गाडीत ती छोटी गरारी बदलायची. मीटर जवळपास १७ टक्के कमी मोजतंय, ते भरून काढायला केबल २१ टक्के जास्त फिरायला हवी. गरारीचे दाते कमी केले की ती जास्त फिरते. समजा आधी २३ दात्यांची होती. तिथे १९ ची बसवली तर २३ भागिले १९ म्हणजे १.२१. परफेक्ट! हवी तेवढ्या दात्यांची गरारी त्या गिअरबॉक्सला मिळत नसेल, तर केबलच्या मधे जोडायची छोटी गिअरची डबी येते. ती फेऱ्या वाढवते किंवा कमी करते. काम तेच.

सेन्सरवाल्या गाडीत पान्याचं काम नाही, लॅपटॉपचं आहे. सर्व्हिस सेंटरला गाडी न्यायची आणि नवा टायर साइज, नवा एक्सल रेशो सिस्टिममध्ये भरून घ्यायचा. दहा मिनिटांत मीटर नवा पाढा पाठ करतं. फक्त सांगायला हवं. न सांगता कळावं, एवढं ते हुशार नाही.

क्रमही लक्षात ठेवा. आधी गिअर, मग टायर, मग मोजमाप, सगळ्यात शेवटी मीटर. घासलेल्या टायरवर सेटिंग करून दुसऱ्या दिवशी नवे टायर चढवू नका. ट्रकच्या टायरची १५ मिलिमीटर नक्षी घासली की व्यास ३० मिलिमीटरने कमी होतो. म्हणजे जवळपास ३ टक्क्यांचा फरक तिथेच पडला. आणि काम झाल्यावर जॉब कार्डवर तारीख, मीटरचं रीडिंग, कोणती गरारी काढली आणि कोणती बसवली, सगळं लिहून घ्या. मीटर दुरुस्त करणं आणि गाडी विकण्यासाठी मीटर मागे फिरवणं, या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तो फरक दाखवणारा कागद हाताशी हवाच.

स्टॉपवॉच काढा

गणिताचा कंटाळा आला? मग दगडांकडे चला. हायवेच्या कडेला किलोमीटरचे दगड उभे आहेत ना, तेच तुमचे एक्झामिनर. काटा ६० वर स्थिर ठेवायचा. शेजारी बसलेल्याने (ड्रायव्हरने नाही, प्लीज!) एका दगडापाशी मोबाइलचं स्टॉपवॉच सुरू करायचं आणि पुढच्या दगडापाशी थांबवायचं. बरोबर ६० सेकंद लागले तर मीटर खरं. ३६०० ला लागलेल्या सेकंदांनी भागा, खरा वेग मिळतो. वाडीच्या आपल्या ट्रकला लागतील ५० सेकंद. भागाकार करा: ७२.

अंतराची परीक्षा आणखी सोपी. दगडांनी दहा किलोमीटर पार करा आणि मीटरवर किती पडले ते बघा. आपल्या ट्रकमध्ये पडतील सव्वाआठच्या आसपास. दहा भागिले तो आकडा, एवढीच दुरुस्ती मीटरला हवी आहे. एक-दोन किलोमीटरवर हा प्रयोग करू नका, अंतर जेवढं मोठं तेवढा हिशेब पक्का. मोबाइलचा जीपीएसही चालतो, पण सरळ रस्त्यावर, उघड्या आभाळाखाली, वेग स्थिर ठेवून. फ्लायओव्हरखाली नाही.

आता तुमची गाडी

‘आपण कुठे ट्रक चालवतो?’ असं म्हणून पान उलटू नका. मागच्या दिवाळीत बोनस आला आणि गाडीला मोठे टायर कोणी लावले?

टायरच्या अंगावर कोड लिहिलेला असतो. १८५/६५ आर १५ म्हणजे रुंदी १८५ मिलिमीटर, उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के आणि रिम १५ इंची. व्यास आला ६२१ मिलिमीटर. रिम तेच ठेवून २०५/६५ चढवलात तर व्यास ६४७. झाला ४ टक्क्यांचा फरक. थारवाले दोस्त तर विचारूच नका. २४५/७५ आर १६ काढून ३३ इंची टायर चढवला की ८ टक्के. काटा १०० दाखवतोय आणि टशनमधला हिरो १०८ ने चाललाय. वर तक्रार काय? ‘नवे टायर टाकल्यापासून अ‍ॅव्हरेज पडलं यार.’ जड टायरने थोडं पडलं असेलही, पण त्यातला एक हिस्सा तर मीटरनेच खाल्लाय!

कारमध्ये वेग बऱ्याचदा चाकांवरच्या एबीएस सेन्सरकडून येतो. तिथे गिअरचा प्रश्न येत नाही, टायरचा मात्र येतोच. बाइकवाल्यांसाठीही एक टीप: मीटरची केबल पुढच्या चाकातून येत असेल तर मागचं स्प्रॉकेट बदलल्याने मीटर चुकत नाही. सेन्सर गिअरबॉक्सपाशी असेल तर चुकतं.

एक दिलासाही आहे. संयुक्त राष्ट्रांचा आर ३९ नावाचा आंतरराष्ट्रीय नियम म्हणतो की काट्याने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचं नाही, थोडं जास्त दाखवलेलं चालेल. म्हणून बऱ्याच कंपन्या काटा मुद्दामच जरा पुढे ठेवतात. तुमच्या नव्या कारमध्ये जीपीएस ९६ आणि काटा १०० म्हणत असेल तर घाबरू नका. तो चार किलोमीटरचा फरक म्हणजे तुमच्यासाठी ठेवलेली सेफ्टी आहे. मोठा टायर लावून तीच तुम्ही खाऊन टाकता.

आणि हो, कायदा! जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलं की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनशी विसंगत बदल गाडीत करता येणार नाहीत. त्यामुळे टायर असो की क्राऊन-पिनियन, त्या मॉडेलला कंपनीने मंजूर केलेले पर्याय आधी बघा. अपघातानंतर विमा कंपनी हाच प्रश्न विचारू शकते, आणि तेव्हा ‘मित्राने सांगितलं होतं’ हे उत्तर चालत नाही.

तर येत्या रविवारी एक काम करा. वर्धा रोड, कामठी रोड, जिथे मन लागेल तिथे, सकाळी ट्रॅफिक कमी असताना दहा किलोमीटर जाऊन या. जाताना दगड मोजा, मग मीटर बघा. आणि सोमवारी ऑफिसात ती एक्सेल शीट उघडलीत, एखाद्या गाडीचं अ‍ॅव्हरेज अचानक घसरलेलं दिसलं, तर मेल टाइप करण्याआधी वर्कशॉपला एक फोन लावा. दोनच प्रश्न विचारा: टायर कधी बदलले? आणि क्राऊन-पिनियनला हात लावला होता का? उत्तर ‘हो’ आलं तर खुलासा ड्रायव्हरकडून नका मागू. मीटरवाल्याकडून मागा.